घंटा वसईची, देऊळ घाटावरचे

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण किल्ल्याबरोबर आणखी एक चीज मराठ्यांच्या हाती लागली, तिची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. ती म्हणजे चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा. वसई प्रांतातल्या ह्या घंटा उतरवून घाटावर नेण्यात आल्या आणि देवळांत टांगण्यात आल्या. नाशकास पंचवटीत, गोदावरीच्या काठी, नारोशंकराच्या देवळावर एक आहे. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्याजवळच्या घाटावर एक आहे. भीमाशंकरासही एक आहे. नाशिककरांनी तर नारोशंकराच्या घंटेला इतके आपले केले की, गोदावरीला महापूर आला म्हणजे पाणी घंटेपर्यंत चढले का, अशी विचारणा तिथे होऊ लागली.

विचार केला तर हा मोठा नवलाचा प्रकार आहे. एका पद्धतीसाठी ओतलेली वस्तू दुसऱ्याच पद्धतीत नेऊन बसवली आणि ती बिनतक्रार चालली! चर्चमध्ये घंटा मनोऱ्यात उंच असते. वाजवणारा माणूस नेमलेला, वेळ नेमलेली, आणि ऐकणारा गाव दूरवर पसरलेला. देवळात येईल तो भक्त घंटा वाजवतो, वाटेल तेव्हा वाजवतो, आणि ऐकणारा देव चार हातांवर असतो. सारा व्यवहार निराळा. तरीही घंटा वाजली. कारण घंटेला बाहेरून फारसे काही लागत नाही. टांगायला एक भक्कम तुळई आणि लोलक हलवणारा एक हात मिळाला की तिचे काम झाले.

पण समजा, कोणी घंटेऐवजी चर्चमधला ऑर्गन उचलून देवळात आणून ठेवला असता, तर? त्याला वारा पुरवायला भाता हवा, भाता हाकायला माणूस हवा, पुढे ठेवलेली स्वरलिपी वाचणारा वादक हवा. ह्यांतले काहीच देवळात नसते. ऑर्गन जसाच्या तसा आला असता, एक खिळाही हरवला नसता. आणि तरी पुजाऱ्याने त्याचा उपयोग समया-निरांजने ठेवायचे कपाट म्हणूनच केला असता.

आमच्या चिंचोटीहून वसईचा किल्ला फारसा लांब नाही, म्हणून दाखला तिथला घेतला. विषय मात्र संगणकाचा आहे. संगणकावरचे प्रोग्रॅम घंटेच्या जातीचे नसून ऑर्गनच्या जातीचे असतात, आणि हे न कळल्यामुळे हल्ली पुष्कळ घरांत घोटाळा चालला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी घातलेल्या अटी जुन्या यंत्रांना पुऱ्या करता येत नाहीत. यंत्र तर धडधाकट आहे. टाकून कसे द्यायचे? मग घरातला कॉलेजात शिकणारा भाचा म्हणतो, “मामा, लिनक्स घालून देतो. फुकट आहे, आणि जुन्या यंत्रावरही हलके चालते.” भाचा खोटे बोलत नाही. लिनक्स येते, छान चालू लागते, आणि दुसऱ्या दिवशी मामा आपल्या आवडत्या जुन्या प्रोग्रॅमची तबकडी घालून बसतात. तो प्रोग्रॅम काही केल्या चढत नाही.

का चढत नाही, हे समजायला संगणकशास्त्र शिकावे लागत नाही; लग्नघर पाहिलेले असले म्हणजे पुरे. कल्पना करा, वसईचा एक नामांकित आचारी लग्नाच्या स्वयंपाकासाठी वऱ्हाडात गेला आहे. चूल तिथेही चूलच. विस्तव वसईत जाळतो तसाच वऱ्हाडात जाळतो. संगणकातला प्रत्यक्ष गणित करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, ही ती चूल. त्याच यंत्रावर विंडोज चढवा की लिनक्स, चूल बदलत नाही. बदलते ती घरची यजमानीण. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. आचाऱ्याने मागावे, तिने काढून द्यावे. प्रोग्रॅमही असाच क्षणोक्षणी काहीतरी मागत असतो: अमुक फाईल उघडून दे, पडद्यावर एवढी चौकट काढ, ही ओळ छापयंत्राकडे धाड. ज्या यजमानणीकडे तो हे मागतो, तिला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो. विंडोजच्या घरी वाढलेला आचारी लिनक्सच्या घरी येऊन आपल्या सवयीच्या नावांनी मागू लागला, तर इथली यजमानीण नुसती पाहत राहते. कोठीत वस्तू असते. पण मागितलेल्या नावाने ती तिला ओळखत नाही. शिवाय आचाऱ्याने आणलेल्या पेटीची ठेवणच वेगळी. आत काय कुठे भरले आहे ह्याचा तिला अंदाज येत नाही, आणि ती पेटी उघडायलाच नकार देते.

ह्या अडचणीवर माणसांनी चार तोडगे काढले आहेत. ज्याला हे काम करावयाचे आहे त्याने चारही माहीत करून घ्यावेत. कारण बहुतेकांची फसगत चुकीचा तोडगा हाती धरल्याने होते.

पहिला तोडगा सर्वांत सोपा, पण सर्वांत कमी उपयोगाचा. लिनक्सच्याही अनेक जाती आहेत. डेबियन आणि तिच्या लेकीसुना ‘डेब’ नावाच्या पेटीत प्रोग्रॅम बांधतात, तर रेड हॅटच्या घराण्यात ‘आरपीएम’ नावाची पेटी चालते. आतला माल पुष्कळदा सारखा, फरक पेटीचा. ‘एलियन’ नावाचे एक साधन एका पेटीतला माल काढून दुसऱ्या पेटीत भरून देते. छोट्या प्रोग्रॅमला हे साधते. मात्र “हा प्रोग्रॅम चालायला घरात अमुक अमुक वस्तू आधी असल्या पाहिजेत” अशी जी यादी पेटीवर डकवलेली असते, ती नव्या पेटीवर नीट उतरेल ह्याची हमी नसते. यंत्राच्या मुळाशी असलेल्या भागांवर हा प्रयोग करू नका, असा इशारा ते साधन बनवणाऱ्यांनीच देऊन ठेवला आहे. आणि विंडोजचा माल तर ह्या वाटेने येतच नाही.

दुसरा तोडगा दुभाष्याचा. दोन्ही घरी राहिलेली एखादी हुशार काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी करावी. आचाऱ्याने त्याच्या घरच्या नावाने मागावे, काकूने ते यजमानणीला तिच्या शब्दांत सांगावे, वस्तू आणून आचाऱ्याच्या हाती द्यावी. आचाऱ्याला आपण परक्या घरी आहोत ह्याचा पत्ताही लागत नाही. ह्या काकूचे नाव ‘वाइन’. हिचा मद्याशी काही संबंध नाही. विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी हे काम १९९३ साली सुरू झाले. विंडोजकडे मागता येणाऱ्या हजारो गोष्टी एकेक करून लिनक्सच्या भाषेत लिहाव्या लागल्या. पहिली पक्की आवृत्ती निघायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षे! ह्याच पायावर व्हॉल्व्ह नावाच्या कंपनीने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ काढले, आणि विंडोजसाठी बनलेले असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले. उलट दिशेनेही ये-जा सुरू झाली: २०१६ साली खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये लिनक्सच्या प्रोग्रॅमांसाठी एक ओसरी उघडून दिली. पण काकू कितीही हुशार असली तरी तिची मर्यादा आहे. आचारी जर म्हणाला, “मला घराच्या पायात हात घालायचा आहे,” तर ती काही करू शकत नाही. यंत्राच्या एखाद्या जोडणीशी थेट बोलणारे प्रोग्रॅम इथे अडतात.

तिसरा तोडगा श्रीमंती आहे. घरातच एक दुसरे घर बांधायचे, त्यात पुरी विंडोज नांदवायची आणि आचाऱ्याला तिथे कामाला लावायचे. ह्याला आभासी यंत्र म्हणतात. हा मार्ग बहुधा साधतो. पण दोन घरांचा खर्च एका कोठीतून निघायचा असल्याने जुने यंत्र धापा टाकू लागते, आणि आतल्या विंडोजचा परवाना हवा तो हवाच.

चौथा तोडगा सर्वांत चांगला: आचारी न बोलावता पाककृतीच मागवावी. प्रोग्रॅमचा मूळ लेख खुला असेल तर तो ज्या त्या घरच्या चुलीवर नव्याने शिजवता येतो. लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी हे असेच. एकाच लेखातून विंडोजसाठी एक पेटी आणि लिनक्ससाठी दुसरी. म्हणून शहाण्या माणसाने आधी इथेच पाहावे. परका प्रोग्रॅम ओढून आणण्याऐवजी त्याच कामाचा घरचा प्रोग्रॅम मिळतो का? दहातल्या आठ वेळा मिळतो.

उरलेल्या दोन वेळांचे काय? मराठी घरांत ह्या दोन वेळा हमखास येतात, आणि त्यांची गोष्ट सांगायलाच मी हे सगळे लिहीत आहे.

आमच्या चिंचोटीत एक निवृत्त गुरुजी आहेत. कामण, जूचंद्र आणि तुंगारेश्वराच्या डोंगराखालचे पाडे त्यांनी वीस-पंचवीस वर्षे पायी धुंडाळले. आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवळे म्हणणाऱ्या धवळारणी, वारली लग्नांतल्या धवलेऱ्या, जात्यावर बसलेल्या आज्या, ज्यांच्याकडून मिळतील त्यांच्याकडून गाणी उतरवून घेतली. १९९८ च्या सुमारास त्यांनी विंडोजवर चालणारा एक मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम विकत घेतला आणि सारा संग्रह त्यात उतरवला. मूळ वह्या २००५ च्या जुलैतल्या पावसात भिजून गेल्या. मागे राहिल्या त्या फायली. पुढे तो संगणकही बंद पडला. नातवाचा जुना लॅपटॉप घरात आला, त्यावर लिनक्स. फायली उतरवल्या, पण उघडल्या की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची भेळ. गाणे दिसत नाही की गाण्याचा शब्द दिसत नाही. आणि ज्यांनी ती गाणी म्हटली होती त्या बायकांपैकी बहुतेक जणी आता हयात नाहीत.

माझा एक विद्यार्थी ह्या कामात वाकबगार. त्याला घेऊन मी गेलो. त्याने वाइन चढवले, जुनी तबकडी लावली आणि तिसऱ्या दिवशी रात्री तो प्रोग्रॅम खरोखर उघडला. गुरुजींचा चेहरा फुलला. पण लगेच पडद्यावर एक चौकट आली.

“सर, प्रोग्रॅम कुलूप मागतोय,” विद्यार्थी म्हणाला.

त्या काळी चोरी होऊ नये म्हणून अशा प्रोग्रॅमांबरोबर एक ठोकळा येई. तो संगणकाच्या पाठीमागे छापयंत्राच्या रुंद खोबणीत बसवल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नसे. गुरुजींनी तो ठोकळा जपून ठेवला होता, कापसात गुंडाळून. पण आजच्या लॅपटॉपला तसली खोबणच नसते. आणि असती तरी कुलूप तपासण्यासाठी त्या प्रोग्रॅमला यंत्राच्या पायात हात घालावयाचा होता, जिथे काकूचे काही चालत नाही. विकणाऱ्या पेढीने ती आवृत्ती कधीच बंद केली होती. दोन पत्रे धाडली, उत्तर आले नाही.

विद्यार्थी म्हणाला, “जुने यंत्र कुठे मिळते का पाहू, गुरुजी. प्रोग्रॅम चालवू कसातरी.”

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बाळा, मला तो प्रोग्रॅम कशाला रे हवा? मला गाणी हवीत.”

एवढ्या एका वाक्याने कामाची दिशाच बदलली. आम्ही आचाऱ्याच्या मागे धावत होतो. गुरुजींना धान्य हवे होते. आणि धान्य तर समोरच पडले होते, फक्त ओळखू येत नव्हते.

ते ओळखू का येत नव्हते, हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. त्या काळच्या फॉण्टांत अक्षरांसाठी उणीपुरी २५६ घरे असत आणि ती इंग्रजीच्या सोयीने लावलेली. मराठी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी त्याच घरांत देवनागरी अक्षरांचे तुकडे कोंबले: अर्धा ग एका घरात, काना दुसऱ्या घरात, वेलांटी तिसऱ्यात. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फॉण्ट चढवला की डोळ्यांना मराठी दिसे. आणि प्रत्येक पेढीची घरे वेगळी! भारत सरकारच्या मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा समान संकेत ठरवून दिला होता. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये युनिकोड मराठी दिसूही लागली. पण बाजारात ज्याचा त्याचा फॉण्ट, ज्याचे त्याचे कुलूप, असा कारभार पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिला.

म्हणून आम्ही प्रोग्रॅमचा नाद सोडला आणि किल्ली तयार करायला बसलो. गुरुजींकडे काही गाण्यांचे जुने छापील कागद होते. कागदावरचे अक्षर आणि फायलीतले चिन्ह शेजारी शेजारी ठेवून तक्ता बनवला; वहीची सहा पाने भरली. पण नुसता तक्ता पुरत नाही. ‘किती’ हा शब्द घ्या. जुन्या फॉण्टात पहिली वेलांटी क च्या आधी साठवलेली, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडात क आधी आणि वेलांटी नंतर, कारण तोंड क आधी उच्चारते. रफाराचे नेमके उलट: ‘सूर्य’ लिहिताना रफार य च्या डोक्यावर शेवटी चढतो, पण उच्चारात र आधी येतो. म्हणजे जुना फॉण्ट डोळ्यावर विश्वास ठेवतो आणि युनिकोड कानावर. मराठीचा मास्तर म्हणून मला ह्याची गंमत वाटली: आमचे जुने वैयाकरण ह्या भांडणात युनिकोडच्याच बाजूने उभे राहिले असते.

सर्वांत अधिक छळले ते एका र ने. कोळ्यांच्या गाण्यात ‘दर्या’ येतो. वारल्यांच्या गाण्यात ‘दऱ्या’ येतात. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. भेद केवढा, आणि तो सांभाळणारे चिन्ह केवढे! तक्त्यात इथे चूक झाली असती तर डोंगरातल्या मुलीला समुद्रात लोटल्यासारखे झाले असते. विद्यार्थ्याने छोटासा प्रोग्रॅम लिहून सारा मजकूर युनिकोडात आणला, आणि मग खरे काम सुरू झाले. गुरुजी रोज संध्याकाळी पडद्यासमोर बसत आणि गाणे मोठ्याने म्हणून तपासत. जिथे चाल अडे, तिथे अक्षर चुकलेले असे. दोन महिन्यांत संग्रह पुन्हा उभा राहिला. काही जागा रिकाम्या राहिल्या. त्या त्यांनी तशाच ठेवल्या, अंदाजाने भरल्या नाहीत.

ह्या खटाटोपात मला राहून राहून फादर स्टीफन्स आठवत होते. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. कारण देवनागरी खिळे नव्हते. मराठी ग्रंथ परक्या पेटीत बांधावा लागला! पण स्टीफन्सने ती पेटी शिस्तीने बांधली. रोमन लिपीत ट आणि त, ळ आणि ल ह्यांचा भेद नाही. तो दाखवण्यासाठी त्याने अक्षर दोनदा लिहिण्यासारखी युक्ती योजली आणि ती पाळली. म्हणूनच १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांना तो ग्रंथ देवनागरीत छापून आणता आला. मध्ये तीनशे चाळीस वर्षे गेली; छापखाना गेला; पण किल्ली पुस्तकातच होती आणि वाचेल त्याला ती खुली होती. आमच्या गुरुजींच्या फायलींना पंचवीस वर्षेही झाली नव्हती आणि किल्ली हरवली होती. कारण ती कोणाच्या तरी खिशात होती.

तेव्हा माझे सांगणे असे: एका कार्यप्रणालीचा प्रोग्रॅम दुसरीवर जरूर चालवून पाहावा, तोडगे वर सांगितलेच आहेत. पण आधी स्वतःला विचारावे की, मला प्रोग्रॅम हवा आहे की त्यात ठेवलेला ऐवज? ऐवज हवा असेल तर जुने यंत्र चालू आहे तोवरच तो बाहेर काढावा. मराठी मजकूर युनिकोडात आणून ठेवावा. कागदपत्रे खुल्या साच्यात ठेवावीत. लिबरऑफिस वापरते तो साचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. पीडीएफ केली म्हणजे झाले, असे समजू नये: जुन्या फॉण्टातली पीडीएफ दिसते सुरेख, पण तिच्यातला मजकूर उचलू गेलात तर हाती पुन्हा तीच भेळ येते. आणि आईची गाणी, वडिलांची पत्रे, आजोबांची वंशावळ असे काही असेल, तर एक प्रत कागदावर काढावी. कागदाला कुठलीच कार्यप्रणाली लागत नाही. फक्त पावसापासून जपावे लागते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे वह्या पुजतात. ह्या वर्षी त्या वह्यांबरोबर घरच्या संगणकातल्या फायलींनाही हळदकुंकू वाहायला हरकत नाही. मात्र पुजण्यापूर्वी त्या उघडतात का, तेवढे पाहून घ्या.